पहिली ते तिसरीच्या वाचन-मासिकात कविता आणि गोष्ट कशी असावी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर भागातील मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने असे विचारले आहे: आजूबाजूच्या काही शाळांतील शिक्षक मिळून पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी आठ पानांचे एक लहान मासिक काढू इच्छितात. त्यात कविता किती असाव्यात आणि गोष्टी किती, जुन्या कवींच्या कविता घ्याव्यात की नव्या लिहून घ्याव्यात, मुलांच्या घरच्या बोलीचे काय करावे, आणि शाळेत कन्नडही शिकणाऱ्या या मुलांसाठी कन्नडला त्यात जागा असावी का? मी बरीच वर्षे लहान मुलांच्या वाचन-साहित्याचे संपादन आणि शिक्षकांबरोबर त्याची वर्गातील चाचणी असे काम करत आलो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

प्रथम मुख्य गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलाच्या मासिकात कविता ही सजावट नसते आणि पाठांतराचा मजकूरही नसते. वाचनाचा पहिला आधार तीच असते. जे मूल अजून अक्षरे जुळवत आहे, त्याला गद्य वाक्यात पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही. कवितेत ठेका आणि यमक यांमुळे तो अंदाज आपोआप बांधला जातो, आणि मग डोळ्यासमोरचे अक्षर त्या अंदाजाला दुजोरा देते किंवा मुलाला थांबवून पुन्हा पाहायला लावते. वाचनात नेमके हेच घडायचे असते. म्हणून कविता आधी कानावर पडलेली असावी आणि नंतर छापलेली दिसावी, हा क्रम उलटू देऊ नये. अंकातली प्रत्येक कविता मुलांच्या हाती अंक पडण्यापूर्वी वर्गात दोन-चार दिवस नुसती म्हटली गेली पाहिजे, टाळ्यांवर, पावलांवर, जमल्यास हातवाऱ्यांसह.

यावर एक रास्त शंका घेतली जाते: मग मूल वाचत नाही, पाठ म्हणते. शंका खरी आहे, पण तिला वर्गात उत्तर आहे. मुलाला ओळीखाली बोट ठेवून म्हणायला सांगावे. बोट शब्दाबरोबर सरकत असेल तर ते वाचते आहे. बोट ओळीच्या शेवटी पोहोचले आणि तोंडात अजून दोन शब्द शिल्लक असतील तर ते पाठ म्हणते आहे. अशा मुलासाठी त्याच कवितेच्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून क्रम बदलून द्याव्यात आणि नीट लावायला सांगावे. पट्ट्या लावताना त्याला अक्षराकडे पाहावेच लागते. नलीकली या कर्नाटकातील खेळत शिकण्याच्या पद्धतीच्या वर्गात पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात, तिथे ही पद्धत फार उपयोगी पडते, कारण एकच कविता पहिलीचे मूल बोट ठेवून म्हणते, दुसरीचे पट्ट्या लावते आणि तिसरीचे तिला आणखी एक कडवे जोडते.

आता कविता निवडायची किंवा लिहून घ्यायची कशी, याविषयी जरा विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक अंक इथेच फसतात. लहान मुलांच्या मराठी कवितेचा सर्वांत सोयीचा ठेका आठ मात्रांचा आहे. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे मिळून सोळा मात्रांची ओळ होते आणि टाळीवर ती सहज बसते. नमुन्यासाठी मी चार ओळी रचून दाखवतो:

टपटप टपटप पाउस आला
ओढा धावत रानी गेला
भात बोलले, "ये रे भाऊ,
पाणी पिउनी गाणे गाऊ."

मात्रा मोजल्या तर प्रत्येक ओळ सोळाची भरते, यमक जुळते, आणि चारही ओळींत एकही जोडाक्षर नाही. संपादकाकडे येणाऱ्या पुष्कळ कविता याच घडणीच्या असतात आणि त्या लगेच स्वीकारल्याही जातात. तरीही पहिली-दुसरीसाठी या ओळी मी अशाच छापणार नाही. मुलाने नुकताच 'पाऊस' हा शब्द दीर्घ ऊकाराने शिकलेला असतो आणि कवितेत वृत्तासाठी तो ऱ्हस्व केलेला आहे. मोठ्या वाचकाला ही सूट जाणवतही नाही, पण अक्षरांवर विश्वास ठेवायला शिकत असलेल्या मुलाच्या दृष्टीने एकच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला आहे, आणि दोन्ही बरोबर आहेत असे त्याला सांगणे हे त्या वयात अन्यायाचे आहे. 'पिउनी' हे रूप तर कोणत्याच घरात बोलले जात नाही. 'रानी' म्हणजे रानात, हेही मुलाला समजावून सांगावे लागेल, आणि अर्थ समजावून सांगावा लागला की ठेका मोडतो. म्हणून त्याच ओळी अशा करता येतील:

टपटप टपटप थेंब उतरले
रानापाशी ओढे वळले
भात बोलले, "थांबा, भाऊ,
पाणी घेऊ, गाणी गाऊ."

मात्रा तेवढ्याच आहेत, पण आता प्रत्येक शब्द बोलण्यातला आहे आणि प्रत्येक शब्दाचे लेखन पाठ्यपुस्तकाशी जुळते. शिवाय शेवटच्या ओळीत 'घेऊ' आणि 'गाऊ' हे आतले यमक मिळाले, ज्यामुळे अडखळणाऱ्या मुलाला आणखी एक आधार मिळतो. कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट घ्यायची असेल तर ती तिसरीच्या पुढे घ्यावी. मासिकासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा एक नियम आधीच कळवला तर संपादनाचे निम्मे काम कमी होते.

जोडाक्षरांविषयी आपल्या भागात विशेष काळजी घ्यावी लागते, आणि तिचे कारण महाराष्ट्रातील मासिकांना सहसा लक्षात येत नाही. कर्नाटकातल्या मराठी शाळेतील मुलासमोर अगदी सुरुवातीच्या इयत्तांतच देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या येतात. देवनागरीत जोडाक्षरातले पहिले व्यंजन अर्धे होऊन दुसऱ्याला चिकटते, तर कन्नडमध्ये पहिले व्यंजन पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या खाली ओत्ताक्षर म्हणून लिहिले जाते. रफाराची गंमत त्याहून वेगळी आहे: देवनागरीत तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, कन्नडमध्ये त्याचे चिन्ह त्या अक्षरानंतर येते. म्हणून 'सूर्य' हा शब्द मूल देवनागरीत अडखळत वाचते तेव्हा ते मंद आहे असे समजू नये. दोन लिप्यांच्या दोन रीती त्याच्या मनात एकाच वेळी बसत असतात. पहिल्या तीन-चार अंकांत जोडाक्षरे जवळजवळ टाळावीत, नंतर 'म्ह', 'ल्ल', 'च्च' यांसारखी कानाला स्पष्ट ऐकू येणारी जोडाक्षरे आणावीत, आणि रफार सर्वांत शेवटी.

जुन्या कवितांचा प्रश्न आपण स्वतंत्रपणे विचारला आहे. मराठीत मुलांच्या मासिकांची परंपरा मोठी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' काढले, आणि बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंकही बालभारतीने संगणकावर वाचायला मोफत उपलब्ध करून दिले आहेत, ते अवश्य पाहावेत. मात्र ही मासिके मुख्यतः वाचनात रुळलेल्या मुलांसाठी होती. त्यांतली कविता सहावीच्या मुलाला आनंद देईल म्हणून ती दुसरीच्या मुलाला वाचता येईल असे होत नाही. बालकवी किंवा रेव्हरंड टिळक यांची निसर्गकविता आपल्या अंकात घ्यावीशी वाटली तर ती शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवण्याच्या पानावर घ्यावी, मुलांनी स्वतः वाचण्याच्या पानावर नव्हे. असे एक 'ऐकण्याचे पान' प्रत्येक अंकात असावे, अशी माझी शिफारस आहे. मुलाची ऐकून समजण्याची ताकद त्याच्या वाचण्याच्या ताकदीच्या पुष्कळ पुढे असते, आणि केवळ वाचता येईल तेवढेच साहित्य दिले तर मुलाच्या वाट्याला फार अरुंद भाषा येते.

या संदर्भात इंदिरा संत यांचे नाव आपल्या भागात प्रथम घेतले पाहिजे. त्या बेळगावात राहिल्या, शिक्षक घडवण्याचे काम त्यांनी तिथेच केले, आणि मराठीतल्या मोठ्या कवयित्रींपैकी एक असूनही त्यांनी मुलांसाठी आवर्जून लिहिले. त्यांची गवतफुलावरची कविता पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी वाचली आहे. माळावरच्या एका क्षुद्र फुलाशी मूल सरळ बोलू लागते, त्याला हाक मारते, आणि त्या हाकेचा नाद पुन्हा पुन्हा येतो. एवढ्या साध्या रचनेत ती कविता कोणताही उपदेश करत नाही आणि तरीही मुलाला फुलाजवळ बसवते. नव्याने लिहिणाऱ्या शिक्षकांनी तिच्यातून हाक मारण्याची ही रीत शिकावी. बोलण्याला समोर कोणीतरी असले की मुलाची कविता लगेच जिवंत होते: ओढ्याशी बोला, गव्याशी बोला, कुंभाराच्या चाकाशी बोला. खानापूरच्या मुलाला यांपैकी काहीच परके नाही.

उपदेशाविषयी मी स्पष्टच लिहितो. शिक्षकांनी लिहिलेल्या बालकवितांपैकी फार मोठा भाग स्वच्छता, शिस्त, वेळेचे महत्त्व आणि झाडे लावण्याचा संदेश यांनी व्यापलेला असतो. या गोष्टी शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. त्या शिकवण्यासाठी परिपाठ आहे, वर्ग आहे, शिक्षकाचे स्वतःचे वागणे आहे. मासिकातली कविता मात्र मुलाने मनाने पुन्हा उघडावी यासाठी असते, आणि ज्या ओळीने त्याला आज काहीतरी सुनावले, ती ओळ ते उद्या पुन्हा उघडत नाही. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी लिहिताना कल्पनेला जे मोकळे रान दिले, त्याने मराठी बालकविता या ओझ्यातून बरीच सुटली. आपल्या मासिकाने ती पुन्हा त्याखाली घालू नये. त्याच कारणाने कवितेखाली प्रश्न छापू नयेत. 'कवीला काय सांगायचे आहे' हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला विचारण्याजोगा नाही. विचारायचेच असेल तर तोंडी विचारावे: यातली कोणती ओळ म्हणायला सर्वांत मजा येते, ओढा थांबला असता तर पुढे काय झाले असते, तुझ्या गल्लीत पाऊस कुठून येतो.

गोष्टीबाबत थोडक्यात सांगता येईल. पहिली-दुसरीच्या गोष्टीत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत राहावे आणि दर वेळी त्यातला एकच शब्द बदलावा. शेळीची घंटा हरवते, ती कोंबडीला विचारते, बैलाला विचारते, विहिरीला विचारते, आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच असतो. अशी गोष्ट मूल तिसऱ्या प्रश्नापासून स्वतः वाचू लागते. गोष्ट दहा-बारा लहान वाक्यांपलीकडे जाऊ नये. तिसरीसाठी ती दीड-दोन पानांची चालेल आणि तिथे मलप्रभेचा कणकुंबीतला उगम, कारहुणवीच्या म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या सणाला सजवलेले बैल, येळ्ळूरच्या किल्ल्यावरचा वारा असे ओळखीचे प्रदेश यावेत. महाराष्ट्रातून आलेल्या मजकुरात मुले दिवाळीच्या लांब सुट्टीत मामाच्या गावाला जातात. आपल्या शाळांना लांब सुट्टी दसऱ्याला मिळते आणि शाळा उघडतात तेव्हा पाऊस अजून यायचा असतो. अशा बारीक गोष्टी न जुळल्या की पुस्तकातले मराठी जग आपले नव्हे, असे मुलाला वाटू लागते, आणि सीमाभागातल्या मुलाच्या बाबतीत हे परवडणारे नाही.

बोलीविषयी माझे मत असे आहे की कथन प्रमाण मराठीत असावे आणि पात्रांचे बोलणे घरच्या बोलीत. आजी नातवाला "काय करूलास?" असे विचारत असेल तर अवतरणचिन्हांत तसेच छापावे. मुलाला आपल्या आजीचा आवाज कागदावर दिसतो आणि त्याच वेळी भोवतालचे कथन त्याला प्रमाण लेखनाची सवय लावते. दोन्ही रूपे एकाच पानावर शांतपणे नांदली की कोणते शुद्ध आणि कोणते अशुद्ध हा वाद वर्गात निर्माण होत नाही. संपूर्ण मजकूर बोलीत लिहिण्याचा आग्रह मात्र मी धरणार नाही, कारण निपाणी, बेळगाव आणि खानापूर यांची बोली एकसारखी नाही, आणि लिखित मराठीशी ओळख करून देण्याचे शाळेचे कामही त्यामुळे मागे पडते.

कन्नडला जागा असावी का? असावी, आणि ती आनंदाने द्यावी. आपल्या भागात पुष्कळ घरांत आईचे माहेर कन्नड बोलणारे असते, आणि मुलाच्या कानावर दोन्ही भाषांची बडबडगीते पडलेली असतात. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. दोन भाषांचा नाद मुलाचे नुकसान करत नाही, याला आणखी पुरावा शोधायची गरज नाही. प्रत्येक अंकात एक कन्नड बालगीत घ्यावे. पंजे मंगेशराव आणि जी. पी. राजरत्नम् यांनी कन्नडमध्ये अगदी लहान मुलांसाठी लिहिलेल्या कविता शाळांत आजही म्हटल्या जातात, त्यांतून निवड करता येईल. फक्त ते गीत कन्नड लिपीतच छापावे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत, मराठी देवनागरीत तो भेद लिहिता येत नाही, आणि तो गेला की मात्रा चुकतात आणि गीताचा ठेकाच कोसळतो.

मुलांच्या स्वतःच्या लेखनासाठी एक पान पुरे. त्या पानासाठी मुलांना 'कविता लिहा' असे सांगू नये, कारण मग ती पाठ्यपुस्तकातल्या ओळी फिरवून देतात. त्यांनी बोललेले लिहून घ्यावे. पावसात काय ऐकू आले असे विचारले की मुले पत्र्यावरचा, छत्रीवरचा, केळीच्या पानावरचा आवाज वेगवेगळा सांगतात, आणि ते शिक्षकाने जसेच्या तसे ओळीखाली ओळ लिहिले तर कविता तयार असते. तिला यमक जोडू नये. दुसरे काम म्हणजे घरातून गोळा करण्याचे: हादग्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, कोडी, झिम्मा-फुगडीची गाणी. घरोघरी पाठभेद असतील, ते तसेच ठेवावेत आणि ज्या गावातून गाणे आले त्या गावाचे नाव खाली द्यावे. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे भरणाऱ्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांत अशा पानांचे वाचन मुलांकडून करवून घेता आले तर गावालाही हे मासिक आपले वाटेल.

प्रमाणाचा प्रश्न आता सुटतो. आठ पानांत मुलांनी वाचायच्या तीन लहान कविता, एक पुनरुक्तीची गोष्ट, एक कोड्यांचे पान, एक ऐकण्याचे पान, एक कन्नड गीत आणि एक मुलांचे पान, एवढे पुरेसे आहे. एका पानावर दोन कविता दाटून बसवू नयेत. दोन ए-फोर कागद मधोमध दुमडले की आठ पाने होतात, म्हणजे छपाईचा खर्चही आवाक्यात राहतो. अक्षरांचा आकार पहिली-दुसरीसाठी वीस पॉइंटच्या खाली नसावा, आणि टंक निवडताना 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाची आहेत ना हे पाहावे, कारण संगणकावरील अनेक टंकांत ती हिंदी वळणाची असतात आणि फळ्यावर शिकलेले अक्षर मुलाला कागदावर ओळखता येत नाही. चित्रावर मजकूर छापू नये. कवितेची ओळ जागेअभावी मध्येच तोडू नये. ओळ मावत नसेल तर कविता बदलावी.

शेवटचा मुद्दा परवानगीचा आहे आणि तो बहुतेक जण विसरतात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. बालकवी १९१८ मध्ये आणि रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, पंजे मंगेशराव १९३७ मध्ये; त्यांच्या कविता छापायला परवानगी लागत नाही. इंदिरा संत २००० मध्ये आणि विंदा करंदीकर २०१० मध्ये गेले, राजरत्नम् १९७९ मध्ये. त्यांच्या कविता वर्गात वाचून दाखवायला अडचण नाही, पण मासिकात छापायच्या असतील तर हक्कधारकांना किंवा प्रकाशकांना पत्र लिहून लेखी संमती घ्यावी. पत्रात शाळांची नावे, प्रतींची संख्या आणि अंक मोफत वाटला जाणार आहे हे लिहावे. उत्तर यायला वेळ लागू शकतो, म्हणून जूनच्या अंकासाठी हे पत्र निदान जानेवारीत तरी गेलेले असावे, आणि तोपर्यंत पहिले दोन अंक शिक्षकांच्या स्वतःच्या कवितांवर आणि गावांतून गोळा केलेल्या गाण्यांवर निघतील अशी तयारी ठेवावी.